आज किती?

माझ्या नवऱ्याची पहिली बायको जिवंत आहे, ठणठणीत आहे आणि दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजवते. मेलेल्या सवतीचा निदान फोटो तरी उलटा करून ठेवता येतो. हिचं काय करायचं? घटस्फोट झालेल्या सवतीला आपल्याकडे धड शब्दसुद्धा नाही. मी मनातल्या मनात तिला 'पहिली' म्हणते. तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणते, ती मला 'तू' म्हणते आणि आम्ही दोघी हसतो.

ती येते लेकीला न्यायला. लेक नऊ वर्षांची. शाळा आमच्या घराजवळ, म्हणून सोमवार ते शुक्रवार ती आमच्याकडे असते, शुक्रवारी संध्याकाळी आईकडे, तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या घरी जाते आणि रविवारी संध्याकाळी परत येते. एका जागी बूड टेकत नाही म्हणून नवरा तिला भिंगरी म्हणतो. ती मला मावशी म्हणते. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिनंच ही हाक निवडली आणि सगळ्यांना ती फार गोड वाटली. मला नाही वाटली. मावशी म्हणजे आईची बहीण. म्हणजे माझ्याच घरात मला हाक मारताना मी त्या पहिलीच्या नात्यातली! माय मरो पण मावशी उरो म्हणतात. इथे माय मजेत होती आणि मावशी नुसतीच उरली होती, कापड बेतून झाल्यावर चिंधी उरते तशी.

कपड्यांच्या चिंध्या मला रोज दिसतात, कारण मी कपडे ऑल्टर करायच्या दुकानात काम करते. नवीन काही आम्ही शिवत नाही. लांब असेल ते आखूड करायचं, ढगळ असेल ते घट्ट करायचं, घट्ट असेल ते सोडायचं. महिन्यातून दोघी-तिघी तरी कंबर सोडून घ्यायला येतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू असतं. 'अजून कुणाला सांगितलं नाही हं,' असं म्हणत त्या मास्तरांना, मला आणि इस्त्रीवाल्याला सांगतात. काम करताना मी तोंडात टाचण्या धरते, ही फार मोठी सोय आहे. तोंडात टाचण्या असलेल्या बाईकडून कुणी अभिनंदनाची अपेक्षा ठेवत नाही.

मला मूल हवं होतं. माझ्या पोटचं. नवऱ्याला हवं म्हणून नाही, भिंगरीला भावंड हवं म्हणून तर नाहीच नाही. या घरातला सोफा पहिलीनं निवडलेला, पडद्यांचा रंग तिनं निवडलेला, आणि नवराही, खरं सांगायचं तर, तिनंच आधी निवडलेला. मला असं एक माणूस हवं होतं ज्याच्या आयुष्यात माझ्याआधी कुणी आलेलं नसेल.

सगळ्या तपासण्या झाल्या. दोघांचंही सगळं ठीक निघालं. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "मग आता सकाळी सकाळी ताप बघा."

"मला ताप नाहीये."

"ताप म्हणजे अंगाचं तापमान हो. सकाळी जाग आली की उठायचं नाही, बोलायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. पडल्या पडल्या थर्मामीटर जिभेखाली धरायचा. पाळीनंतर आकडा खाली असतो. अंडं सुटलं की तो थोडासा चढतो आणि मग वरच राहतो. दोन-तीन महिने रोज मोजलंत की तुमचा चढायचा दिवस कळतो. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस वाया घालवायचे नाहीत."

त्यांनी थर्मामीटरही चांगला सुचवला. नेहमीपेक्षा बारीक मोजणारा, आणि शेवटचा आकडा लक्षात ठेवणारा. नंतर कधीही बटण दाबा, शेवटचा आकडा दाखवतो. "त्यामुळे झोपेत लिहायची घाई नको," सिस्टर म्हणाल्या. "पण लिहा मात्र रोज."

माझ्या स्वभावाला ही सोय भलतीच मानवली. निकाल बघायचा तर तोंड धुऊन, चहा हातात घेऊन बघावा, असं माझं पहिल्यापासून आहे. पारोशा तोंडानं वाईट बातमी बघणं मला जमत नाही. तेव्हा आमचं असं ठरून गेलं: गजर झाला की मी डोळे मिटूनच थर्मामीटर तोंडात धरायची, टिकटिक वाजलं की न बघता पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवायची. मग अंघोळ, मग चहा. चहाचा कप घेऊन मी पलंगाच्या कडेला बसायची, बटण दाबायची. तोवर नवरा बुटाची नाडी बांधत खोलीच्या दारात आलेला असायचा आणि भिंगरी त्याच्या मागे, पाठीला दप्तर.

"आज किती?" नवरा विचारायचा.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन."

"छान!"

त्याला छान म्हणजे काय आणि वाईट म्हणजे काय, ओ की ठो कळत नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या मते काहीही वर गेलं आणि वरच थांबलं तर ते छान. मी आकडा फोनमध्ये टाकायची आणि फोन त्या आकड्यांची रेघ काढायचा. आम्ही तिघं मिनिटभर त्या आकड्यापाशी उभे असायचो आणि मग आपापल्या कामाला लागायचो.

पण माझी रेघ काही सिस्टरांच्या भिंतीवरच्या चित्रासारखी होईना. चित्रात कशी आधी खाली, मग एक पायरी चढून वर, अशी शहाण्यासारखी रेघ होती. माझी रेघ म्हणजे करवत. पाच दिवस वर, मग खड्डा, परत वर. खड्ड्यानंतर चढला म्हणजे तोच तो दिवस, असं धरून मी नवऱ्याला कामाला लावलं. खड्डा पडायचा शनिवार-रविवारी आणि आकडा चढायचा सोमवारी. दिवसभर कुणाच्या तरी बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं ओढून काढून दमलेला बिचारा संध्याकाळी दारातूनच विचारायचा, "आज सोमवार का? म्हणजे ओव्हरटाइम."

"थट्टा वाटते तुला?"

"नाही गं. पण एवढं वर-खाली होत असेल तर आम्ही आधी वायरिंग बघतो."

त्याच्या पाठीत मी उशी घातली.

एका रविवारी पहिली भिंगरीला सोडायला आली ती नेहमीसारखी दारातून परत गेली नाही. आत आली, तिनंच निवडलेल्या सोफ्यावर बसली आणि हातातली पिशवी पुढे केली. "तुझ्या हाताला सफाई आहे म्हणून म्हटलं बाहेर कशाला द्या. दोन पँट आहेत. कंबर सोडायची आहे."

मी टेप घेतली. माझ्या हातांना आधी कळलं, मग मला. टेप तिच्या कमरेभोवती फिरवून मी आकडा बघितला आणि गुडघ्यावर बसल्या बसल्या तशीच थांबले. माझं तोंड तिच्या पोटासमोर होतं. टाचण्यांची डबी आत राहिली होती, तोंडात काहीच नव्हतं.

"किती सोडू?" मी विचारलं.

"जितकी माया असेल शिवणीत, तितकी सगळी. अजून वाढेल ना," ती म्हणाली आणि हसली. "ठरवलं वगैरे काही नव्हतं गं. मला तर काय, दोरीवर नवऱ्याची पँट वाळताना दिसली तरी दिवस जातात."

हा विनोद होता. नवरासुद्धा हसला. मीही हसले असेन. आपल्याकडे मत्सराला 'पोटात दुखणं' म्हणतात ते ज्यानं कुणी म्हटलं त्याला खरोखरच कुठेतरी दुखलेलं असणार, कारण मला त्या वेळी नेमकं तिथेच दुखत होतं. मी पहाटेचा गजर लावून, तोंडात काडी धरून, नवऱ्याला सोमवार-सोमवार राबवून कोरडी. आणि हिला न ठरवता! देव देतो तर छप्पर फाडून देतो म्हणतात. पण ज्याचं छप्पर एकदा फाटलं आहे त्याचंच पुन्हा फाडतो, हे कुणी सांगत नाही.

त्या पँटी मी दोन दिवसांत करून दिल्या. एक नीट केली. दुसरी बोटभर कमीच सोडली.

त्यानंतर मला भिंगरीचं सगळंच खुपायला लागलं. आधी ती नुसती पहिलीची मुलगी होती, आता ती पुरावा होती. तिची जिवणी आईची, हनुवटी बापाची. दोघांनी मिळून केलेलं काम रोज सकाळी माझ्या समोर दूध पीत बसायचं. तिनं काही वाईट केलं असं नाही. उलट जपूनच वागायची. सकाळी मी चहा घेऊन खोलीत आले की धावत यायची आणि आकडा ऐकताना श्वास धरून उभी राहायची, इतकी की मला वाटायचं, हिला एवढं काय पडलं आहे? मी हरावं म्हणून बघत असेल, आईला जाऊन सांगायला. चोराच्या मनात चांदणं.

सिस्टरांना मी फोनमधली रेघ दाखवली. त्यांनी चष्मा वर-खाली केला.

"बरोबर मोजता ना?"

"रोज. पापणीसुद्धा न हलवता."

"कारण खड्डा प्रत्येक आठवड्याला पडत नाहीये, पण पडला की शनिवार-रविवारीच पडलाय. बाकीचे दिवस एकसारखे वर. शरीराला वार कळत नाही हो. शनिवार-रविवारी घरात काही वेगळं असतं का? उशिरा उठता? काही घेता?"

"नाही," मी म्हटलं. मग मला आठवलं. "शनिवार-रविवारी मुलगी नसते. यांची."

त्या 'हूं' म्हणाल्या. त्या एका हुंकारावर मी अख्खा इमला उभा केला. पोरगी घरात असली की माझं अंग तापतं! खोटं काय त्यात? तिला बघून माझ्या अंगाचा तिळपापड होतो हे मला ठाऊकच होतं. आता तर यंत्रानंही ते मोजून दाखवलं. ती गेली की दोन दिवस मी थंड होते, आली की पुन्हा उकळायला लागते. असल्या उकळत्या अंगात कुठलं बाळ राहणार? घरी येताना मला इतकं मोकळं वाटलं की काय सांगू. माझ्यात दोष नव्हता. पहिलीनं माझ्या घरात ठेवलेला निखारा होता तो.

"महिनाभर तिला आईकडे ठेवू या," मी नवऱ्याला म्हटलं. "फक्त महिनाभर. मला एक महिना माझ्या घरात मिळू दे."

तो जेवत होता. घास खाली ठेवून म्हणाला, "तिचं घर नाही का हे?"

"बघ. हेच. तुझ्या तोंडून पहिलं वाक्य तिच्यासाठी निघतं."

"अगं, नऊ वर्षांची आहे ती."

"आणि मी छत्तीसची आहे! तिला अजून खूप वर्षं आहेत. मला नाहीत." मी फोन त्याच्यापुढे धरला. "हे बघ. ती असते तेव्हा हे, नसते तेव्हा हे. मी नाही म्हणत, आकडे म्हणतायत. तिच्यामुळे मला ताप येतो."

त्यानं बराच वेळ त्या करवतीकडे बघितलं. यंत्रानं दाखवलेल्या गोष्टीशी तो कधी वाद घालत नाही, तो त्याचा धर्मच नाही. "एक महिना," तो शेवटी म्हणाला. "पुढे एक दिवस नाही." मग उठून गॅलरीत गेला आणि पहिलीला फोन लावला. काय बोलला मला ऐकू आलं नाही. तिचं उत्तर मात्र त्यानं जसंच्या तसं सांगितलं: "आण की. माझं काय, मी आईच आहे तिची."

आत वळले तर भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात रिकामा पेला.

"मी महिनाभर जाणार?" तिनं विचारलं.

"हो," नवरा म्हणाला. "मजा आहे एका मुलीची."

"मग सकाळी तुम्ही 'आज किती' कुणाला विचारणार?"

"मावशीलाच. अजून कुणाला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण मग तिनं पेला धुऊन उपडा घातला आणि झोपायला गेली.

शुक्रवार उजाडला. नवरा भल्या पहाटेच गेला होता, कुठल्या तरी इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. मी मोजलं, स्टुलावर ठेवलं, अंघोळीला गेले. टॉवेल खोलीतच राहिला होता, म्हणून नळ सोडून परत आले. दार अर्धवट उघडं होतं.

भिंगरी माझ्या पलंगाच्या कडेला बसली होती. शाळेचे कपडे, एक वेणी घातलेली, एक सुटी. तोंडात थर्मामीटर. ओठ घट्ट मिटलेले, डोळे मिटलेले, हात मांडीवर, पापणीसुद्धा हलत नव्हती. अगदी सिस्टरांनी सांगितलं होतं तशी. टिकटिक वाजलं. तिनं डोळे उघडून आकडा बघितला, फ्रॉकला थर्मामीटर पुसला आणि जिथून घेतला होता तिथे, त्याच कोनात, ठेवून दिला.

तळपायाची आग मस्तकात गेली. "काय चाललंय?"

ती दचकली, पण पळाली नाही. "पुसून ठेवलं," ती म्हणाली.

"रोज करतेस हे?"

"हो."

"रोज? मी अंघोळीला गेले की?"

"आधी तुझं, मग माझं." तिला माझा आवाज का चढला आहे ते कळत नव्हतं. "तू तुझं करून ठेवतेस ना, माझ्यासाठी."

मी पलंगावर बसलेच. शेवटचा आकडा लक्षात ठेवणारा थर्मामीटर! सोमवार ते शुक्रवार शेवटचा आकडा कुणाचा होता? माझा फोन, माझी रेघ, माझे सोमवार, नवऱ्याचा ओव्हरटाइम, सिस्टरांचा चष्मा, आणि मी काढलेले सगळे निष्कर्ष. मी महिनोन् महिने या पोरीचं अंग मोजत होते. माझं स्वतःचं मी शनिवार-रविवारच काय ते बघितलं होतं. माझ्या आतल्या सगळ्यात आतल्या गोष्टीतसुद्धा त्या दोघांचीच मुलगी येऊन बसली होती! हात शिवशिवत होता. खोटं कशाला बोलू, एक ठेवून द्यावीशी वाटली.

"तुला कळतंय का तू काय केलंस? तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही." "मी एकदा नुसतं बघायला घेतलं. माझं अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन आलं. मग तू चहा घेऊन आलीस आणि बाबांनी विचारलं, आज किती, तर तू माझंच सांगितलंस. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. आणि बाबा छान म्हणाले." तिनं नाक ओढलं. "मला वाटलं तू मुद्दाम सांगितलंस. तुझं नाही, माझं. मग दुसऱ्या दिवशी पण. मला वाटलं, हे आपलं दोघींचं आहे."

मी थर्मामीटर उचलून बटण दाबलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन.

"आईकडे कुणी नाही विचारत. तिथे बाळ किती महिन्यांचं झालं ते विचारतात." सुटी वेणी ती हातानंच पिळत होती. "परवा तू बाबांना म्हणालीस ना, माझ्यामुळे तुला ताप येतो. तेव्हा मला कळलं की तुला माहीतच नव्हतं."

"मग आज कशाला घेतलास?"

"आज शेवटचं होतं म्हणून."

शाळेची वेळ झाली होती. मी तिची दुसरी वेणी घातली. ती नेहमी स्वतःच घालते, मी पहिल्यांदाच घातली आणि ती वाकडी झाली. दप्तर घेऊन ती गेली.

दुकानात त्या दिवशी मला एका कोटाचं अस्तर उसवायचं होतं. उसवायला डोकं लागत नाही, म्हणून मी मध्ये मध्ये फोन काढून ती रेघ बघत होते. आता ती माझी रेघ नव्हती, म्हणून पहिल्यांदाच नीट दिसली. एकसारखी, शहाणी रेघ. सोमवार ते शुक्रवार अठ्ठ्याण्णवच्या आसपास. मग एके ठिकाणी मधेच उंच सुळका होता आणि त्या सुळक्यावर माझं बोट थांबलं. तो दिवस मला चांगला आठवत होता. बटण दाबलं तर आकडा शंभराच्या वर. मी घाबरले होते. नवऱ्यानं दप्तर घेऊन उभ्या असलेल्या पोरीला ओलांडून येऊन माझ्या कपाळावर हात ठेवला होता, मला पांघरूण घातलं होतं, लिंबूपाणी करून दिलं होतं. मी रजा टाकून दिवसभर झोपून काढला होता. भिंगरी शाळेत गेली होती. दुपारी शाळेतून फोन आला, मुलगी फणफणली आहे, घेऊन जा. तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, बघ, माझ्याकडून तिला लागलं.

ती सकाळी दारात उभी राहून ऐकत होती. मी तिचा ताप मोठ्यानं वाचून दाखवला होता आणि पांघरूण स्वतः घेतलं होतं.

"काय गं, सगळंच उसवलंस की," मास्तर म्हणाले. खरंच, नको ती शिवणही मी उसवून ठेवली होती. मी मान खाली घालून ती परत घातली. तोंडात टाचण्या होत्या ते बरं होतं, ओठ घट्ट मिटून ठेवायला निमित्त मिळालं.

नवऱ्याला मी फोन केला नाही. काय सांगणार होते? आणि सांगून तरी काय, मला मूल अजूनही हवंच होतं. सकाळचा आकडा सकाळीच, पारोशा तोंडानं बघितला की काम भागणार होतं. त्यासाठी कुणाला कुठे पाठवायची गरज नव्हती. पण ते कारण इतकं सोपं होतं की कुणाला सांगायला गेलं तर मधलं सगळंच सांगावं लागलं असतं, पँटीच्या बोटभर कापडासकट.

संध्याकाळी बेल वाजली. नवऱ्यानं बॅग आधीच जिन्यापाशी नेऊन ठेवली होती. नेहमीपेक्षा मोठी बॅग. पहिली दारात उभी होती, एक हात पाठीला लावून, आता दिसायला लागलेलं पोट पुढे करून. अंगात मी सोडलेली पँट होती. कुठली ते मी बघितलं नाही.

भिंगरी बूट घालून तयार होती. दुपारपासून रडली असावी, गाल लाल होते. पहिलीनं वाकून तिला जवळ घेतलं, मानेला हात लावला, कपाळाला लावला आणि माझ्याकडे बघितलं. मुलगी परत घेताना ती नेहमी असं बघते, दुकानात लोक कपडा परत घेताना डाग शोधतात तसं.

"हिचं अंग गरम लागतंय. ताप आहे आणि तुम्ही पाठवताय?"

"ताप नाही," मी म्हटलं. "अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. तिचं तेवढंच असतं."

"मोजलंस?"

"रोज मोजतो आम्ही."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. भिंगरीनं एकदम मान वर केली.

"रोज कशाला मोजायचं?" पहिली म्हणाली.

"सकाळी अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन असतं. पाच दिवसांत फार तर एखादा पॉइंट इकडे तिकडे. परीक्षा असली की पॉइंट तीन होतं. शंभराच्या वर एकदाच गेलं होतं, आणि त्या दिवशी हिला शाळेत पाठवायला नको होतं. तुमच्याकडे शनिवारी किती असतं?"

पहिलीनं लेकीच्या कपाळावर पुन्हा हात ठेवला. आईनं सांगायला हवा तो आकडा तिच्याकडे नव्हता आणि माझ्याकडे होता. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला ओळखायला वेळ लागला नाही, इतके महिने मी तेच घेऊन फिरत होते. मला बरं वाटलं का? वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं.

"रविवारी संध्याकाळी आणून सोडा," मी म्हटलं. "नेहमीसारखी."

"अगं पण महिनाभर म्हणून..." पहिली म्हणाली.

"नाही. सोमवारी सकाळी ती इथे हवी."

नवऱ्यानं कुणाला काही विचारलं नाही. जिन्यापाशी जाऊन त्यानं मोठी बॅग उचलली आणि आत आणली. भिंगरीनं तिच्यातून दोन दिवसांचे कपडे काढून दप्तरात कोंबले, आईचा हात धरला आणि दोन पायऱ्या उतरून मागे वळली.

"मावशी," ती म्हणाली, "तू सोमवारी आधी तुझं लिहून ठेव. मग मला दे."